लग्न झाले, नोंद झाली काय?

डिसेंबर जवळ आला म्हणजे आमच्या धर्मग्रामात रजेवर येणाऱ्या तरुणांची वर्दळ सुरू होते. कोणी कुवेतहून येतो, कोणी बोटीवरून उतरतो, कोणी इंग्लंडातील स्विंडनहून येतो. रजा मोजकी तीन आठवड्यांची. तेवढ्यात ख्रिस्तमंदिरातील घोषणा व्हावयाच्या, रोस व्हावयाचा, लग्न लागावयाचे आणि मांडव उतरतो न उतरतो तोच विमान गाठावयाचे! या धांदलीत एका गोष्टीचा सर्वांसच विसर पडतो. लग्न झाले, पण त्याची नोंद जेथे जेथे व्हावयास पाहिजे तेथे तेथे झाली काय? हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. दुसऱ्यांस शिकवावे या हेतूने नव्हे, तर आमच्या स्वतःच्या हातून घडलेली एक चूक मनास टोचते म्हणून.

पेडणे तालुक्यातील आमचे धर्मग्राम लहान आहे. येथील लोकांचे सोयरसंबंध पूर्वीपासून सीमेपलीकडे सावंतवाडी, बांदे या बाजूस आहेत. आणि त्यात नवल ते काय? १७८८ पर्यंत पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडेच होते. पुढे राज्ये बदलली, पत्रादेवीस नाका बसला, पण माणसांची नाती तुटली नाहीत. कायदे मात्र निराळे झाले. बांद्याच्या ख्रिस्ती कुटुंबातील लग्न १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली येते. गोव्यात तो कायदा लागू नाही. येथे १८७० पासून पोर्तुगीज सिव्हिल कोड चालत आला आहे आणि सरकारी वहीतील नोंदीवाचून लग्नास कायद्याचे पाठबळ मिळत नाही.

आमच्या एका घरातील मुलाने सावंतवाडीकडील मुलगी केली. मुलाचे वडील मुक्तीपूर्वी जन्मलेले. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचा पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क पोर्तुगालचा कायदा अद्यापि मानतो, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्यासाठी जन्माची नोंद लिस्बन येथील मध्यवर्ती नोंदणी कचेरीच्या दप्तरात उतरवून घ्यावी लागते. या वडिलांनी ती घेतली आणि त्यांच्या मागोमाग मुलानेही घेतली. नवा पासपोर्ट हाती येताच भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमान्वये त्याचे भारतीय नागरिकत्व संपले. तो स्विंडनला एका मोठ्या गोदामात कामास लागला, घरी पैसे पाठवू लागला आणि लग्नासाठी घरी आला. लग्न आम्हीच लावले.

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात, रात्रपाळीहून परतल्यावर, तो हृदयविकाराने वारला. पाठीमागे बायको आणि दीड वर्षाचा मुलगा. आणि त्या मुलास बापाने एकदाच काय ते मांडीवर घेतलेले!

काही महिन्यांनी एका सकाळी, मिस्सा आटोपून आम्ही वस्त्रे उतरवीत असता, ती बाई दाराशी येऊन उभी राहिली. काजूच्या कारखान्यात ती कामास जाई. त्या दिवशीची मजुरी बुडवून आली होती. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. मुलाची नोंद बापाच्या नावे लिस्बनला करावयाची म्हणून ती एका जाणत्या माणसाकडे गेली होती आणि त्याने तिला सांगितले होते, “बाई, लिस्बनच्या वहीत तुमचा नवरा अविवाहित आहे.”

तिने ते वाक्य आम्हांस जसेच्या तसे सांगितले आणि विचारले, “फादर, मग मी कोण?”

वाचकहो, या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या वहीत ते लग्न होते, आमच्याच अक्षरात. पेडण्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीतही होते. पण ज्या देशाचा तो नागरिक झाला होता त्या देशास त्या लग्नाचा पत्ताच नव्हता. परदेशात झालेले लग्न पोर्तुगालच्या दप्तरात आपोआप जात नाही. ते कोणीतरी न्यावे लागते. त्या देशाच्या दृष्टीने आपला गोवाच आता परदेश आहे, ही साधी गोष्ट आमच्या लोकांच्या ध्यानात येत नाही. नवरा वारला तरी लग्नाची नोंद मागाहून करता येते. मुलाचा कागद मात्र त्या नोंदीनंतरचा. आईबाप विवाहित असल्याचे दप्तरात दिसले म्हणजे बाप कोण हा प्रश्न उरत नाही. ते न दिसल्यास बापाने स्वतः पुढे येऊन सांगावयाचे असते. आणि येथे बाप तर मातीआड झालेला.

“बाय, काळजी करू नको, कागद आपण पाठवू,” असे आम्ही म्हणालो आणि वही काढली. तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. आडनावाच्या शेवटी ‘एस’ हे अक्षर असावयास पाहिजे होते. आम्ही ‘झेड’ लिहिले होते. त्या दिवशी तीन लग्ने होती आणि बाहेर बँड वाजत होता, ही सबब आम्ही मनाशी करून पाहिली. पण ती टिकली नाही. आमच्या वहीतील उतारा कचेरीत गेला आणि तेथेही ‘झेड’च उतरला. लिस्बनच्या जन्मनोंदीत ‘एस’. कागदांच्या हिशेबी ही दोन निराळी माणसे झाली!

राशोलच्या सेमिनरीत असताना नोंदवह्यांचे महत्त्व आम्ही शिकलो होतो. लग्नाची वही प्रत्येक धर्मग्रामात ठेवावी असा ट्रेन्टच्या धर्मसभेने १५६३ साली आदेश दिला. पुढे १९०८ च्या ईस्टरपासून अमलात आलेल्या आज्ञेने आणखी एक नियम झाला व तो आजच्या धर्मकायद्याच्या ११२२ व्या कलमातही आहे: लग्न जेथे लागले तेथील धर्मगुरूने, ज्या चर्चमध्ये वधूवरांचा स्नानसंस्कार झाला असेल तेथे ते कळवावे आणि तेथील वहीत त्या नावापुढे टीप व्हावी. हा नियम का? तर एक लग्न लपवून कोणी दुसरे करू नये आणि सोडून दिलेल्या स्त्रीस पुरावा उरावा म्हणून. परीक्षेत आम्ही हे उत्तम लिहिले होते. पण वहीतील एका अक्षरावर एका बाईचे घर उभे असते, हे आम्हांस त्या सकाळीच कळले.

मग दुरुस्तीचे काम सुरू झाले. धर्मप्रांताच्या कार्यालयाची परवानगी घेऊन आम्ही वहीच्या समासात टीप लिहिली व सही केली. नवा उतारा रजिस्ट्रारकडे गेला. तेथे दुरुस्तीचा अर्ज, मग चौकशी, मग आदेश. त्यानंतर नोंदीची पूर्ण नक्कल काढली, राज्य सरकारकडून ती तपासून घेतली आणि केंद्रीय परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल नावाचा शिक्का मिळविला. ज्या आंतरराष्ट्रीय करारान्वये हा शिक्का चालतो तो भारतात २००५ साली अमलात आला. त्या करारातील दुसरा देश एवढ्या एका शिक्क्यावर कागद खरा मानतो. शेवटी पोर्तुगीज भाषांतर, आणि मग कागद लिस्बनला. या सर्वास अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत ती बाई कितीदा कामावर गैरहजर राहिली याचा हिशेब तिने आम्हांस कधी दिला नाही, आणि विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. तिची सासू मात्र प्रत्येक खेपेस तिच्याबरोबर येई, नातवास कडेवर घेऊन पायरीवर बसे आणि म्हणे, “फादर, पोराचे नाव राहिले पाहिजे.”

आता या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो.

पहिली. गोव्यात लग्न करणाऱ्या ख्रिस्ती वधूवरांनी आधी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारपुढे इच्छा नोंदवावयाची असते. नोटीस लागते, हरकत न आल्यास रजिस्ट्रार ना हरकत दाखला देतो, मग चर्चमध्ये लग्न लागते आणि त्याचा उतारा पुन्हा कचेरीत जाऊन तेथे उतरला म्हणजे १९४६ च्या हुकुमान्वये चर्चमधील लग्नास सरकारी मान्यता मिळते. उतारा पोहोचला काय, हे घरच्यांनी जाऊन पाहावे व नक्कल आणावी. आमच्या हिंदू शेजाऱ्यांत दोन सह्यांची रीत आहे. पहिल्या सहीसच लग्न समजून बसलेल्या आणि दुसरी सही न झाल्यामुळे फसलेल्या मुली गोव्यात काही थोड्या नाहीत. पहिली सही हे लग्न नव्हे. ती केवळ इच्छा होय.

दुसरी. ज्याच्यापाशी पोर्तुगीज कागद आहेत त्याने लग्न लागताच त्याची नोंद लिस्बनला पाठवावी. मूल होण्याची वाट पाहू नये. इंग्लंड युरोपीय संघातून ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडले. पुढे तेथे राहण्याच्या हक्कासाठी अर्ज करावयाची मुदत ३० जून २०२१ पर्यंत होती. त्या दिवसांत बायकोस जवळ ठेवण्यासाठी लग्नाचा पुरावा शोधीत आमची किती मुले रात्री-अपरात्री आम्हांस फोन करीत, ते आम्हीच जाणतो.

तिसरी. भारताचा नागरिक राहून कोणी परदेशी लग्न केले, तर तेथील कायद्याप्रमाणे मिळालेला दाखला जपावा आणि आपल्या वकिलातीत जावे. १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याच्या सतराव्या कलमाने, दोघांपैकी एकजण जरी भारतीय नागरिक असेल तरी वकिलातीतील विवाह अधिकाऱ्याकडे त्या लग्नाची नोंद होऊ शकते. परत आल्यावर तो कागद ट्रंकेत ठेवू नये. येथील रजिस्ट्रारकडे नेऊन पुढे काय करावे ते विचारावे. आणि ज्या चर्चमध्ये स्नानसंस्कार झाला तेथील धर्मगुरूसही दाखवावा.

चौथी, आणि हीच आमच्या आयाबहिणींनी विशेष ध्यानात धरावी. गोव्याच्या कायद्याने, लग्नापूर्वी निराळा करार केलेला नसेल तर, नवऱ्याची व बायकोची मालमत्ता समाईक होते आणि बायको अर्ध्या वाट्याची धनीण होते. हा हक्क फार मोलाचा. पण तो सिद्ध व्हावयाचा तो लग्नाच्या दाखल्याने. म्हणून ज्या घरी सोन्याची कुडी जपून ठेवतात, त्या घरी हा कागदही तितक्याच काळजीने जपावा.

काही भाविक म्हणतात, “फादर, देवापुढे लग्न झाले, मग या वह्यांचे एवढे काय?” देवास वही लागत नाही हे खरेच. पण योसेफ आणि मरिया यांनीही कैसरच्या हुकुमाप्रमाणे नाव नोंदविण्यासाठी नाझरेथहून बेथलेहेमची वाट धरली होती, आणि मरिया तेव्हा गर्भवती होती. त्यांनी ते कष्ट टाळले नाहीत. वही देवासाठी नसते. ती उद्या ज्यांच्यावर प्रसंग ओढवेल त्यांच्यासाठी असते.

त्या बाईच्या लग्नाची नोंद झाली. मुलाच्या कागदाचे काम त्यानंतर सुरू झाले आणि तेही मार्गी लागले आहे. ज्या दिवशी लिस्बनचा उतारा आला त्या दिवशी ती तो घेऊन आमच्याकडे आली. आम्ही तिची क्षमा मागितली. ती काही बोलली नाही. कागद उलगडून तिने नवऱ्याच्या आडनावावर बोट ठेवले, एकेक अक्षर शेवटपर्यंत वाचले, मग त्याखालचे आपले नाव वाचले आणि कागद पुन्हा पिशवीत ठेवला.

त्यानंतर तीन रात्री बसून आम्ही गेल्या दहा वर्षांच्या लग्नांची वही पानापानाने तपासली. ज्या चर्चला कळविल्याची पोच मिळाली नव्हती त्या सर्वांस पुन्हा पत्रे लिहिली. आता लग्नाच्या दिवशी बाहेर बँड कितीही वाजो, सही करण्यापूर्वी वधू आणि वर यांस आम्ही वहीसमोर बसवितो आणि आपापले नाव त्यांच्याकडून अक्षरशः वाचवून घेतो. वऱ्हाडी कुरकुरतात. कुरकुरोत बापडे!