तोकोपियाचा अलेक्सिस

झोप येईना, म्हणून अलेक्सिस सांचेझचे जुने गोल पाहत बसलो. माणूस चिलीच्या उत्तरेकडच्या तोकोपिया बंदरातला. समोर समुद्र, पाठीशी अटाकामाचं वाळवंट. पहिला क्लब कोब्रेलोआ, तांब्याच्या खाणींजवळच्या कालामा गावातला. इटलीच्या उदिनेसेने त्याला विकत घेतलं, पण आधी कोलो-कोलो आणि रिव्हर प्लेटकडे उसना धाडला. मग बार्सिलोना, आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड, इंटर, मार्सेय... बिऱ्हाड पाठीवरच!

मला आर्सेनलमधला अलेक्सिस सगळ्यात प्रिय. पायातला चेंडू गेला की इतर हात झटकतात; हा तो हिसकावून घ्यायला उलटा धावत सुटायचा. 2018 च्या जानेवारीत मँचेस्टरला मात्र क्लबच्या स्वागत-व्हिडिओत पियानो वाजवत आला आणि 45 सामन्यांत जेमतेम 5 गोल करून गेला. पगाराच्या आकड्यांचीच चर्चा जास्त. थोडी कीवच आली तेव्हा.

पण 2015 ची कोपा अमेरिका! सँतियागोत अंतिम सामना, समोर मेस्सीची अर्जेंटिना, 120 मिनिटांत एकही गोल नाही. चिलीने ही स्पर्धा तोवर कधीच जिंकलेली नव्हती. निर्णायक पेनल्टी अलेक्सिसकडे. एखाद्याने जीव खाऊन लाथ हाणली असती. याने चेंडू अलगद उचलला, गोलरक्षक रोमेरो एका बाजूला झेपावलेला, आणि चेंडू निवांत मधोमध आत. हा आगाऊपणा की धाडस? मी धाडस म्हणतो; चुकला असता तर आगाऊपणाच म्हटलं असतं.

2024 मध्ये, 13 वर्षांनी, तो उदिनेसेत परतला. तिथून पुन्हा स्पेनला, सेव्हियाकडे.