गिऱ्हाईक काय टाइप करतं?

आमच्या धंद्यात पहिल्या भेटीत प्रत्येकाची मागणी एकच असते. "मॅडम, गुगलवर पहिल्या पानावर आणून द्या." मी विचारते, "काय शोधल्यावर?" इथे बहुतेकांची गाडी अडते. थोडा विचार करून जे उत्तर येतं ते स्वतःच्या दुकानाचं नाव असतं. ज्याला तुमचं नाव आधीच ठाऊक आहे तो तुम्हाला शोधून काढणारच, त्यासाठी मला पैसे कशाला देता, असं मी सांगते. (नेमक्या याच कामाचे पैसे घेणारे आमच्यात पुष्कळ आहेत.) मग दुसरं उत्तर येतं ते थेट दुसऱ्या टोकाचं: 'आंबा'. किंवा 'साडी'. किंवा 'हॉटेल'. म्हणजे एक तर ओळखीचे चार लोक, नाही तर अख्खं जग.

आंब्याचंच घेते. देवगड तालुक्यातल्या एका बागायतदार कुटुंबाची साइट मी बरीच वर्षं सांभाळते आहे. 'आंबा' एवढंच टाइप करणारा माणूस कोण असेल? निबंधासाठी माहिती हवी असलेला शाळकरी मुलगा, लोणच्याची कृती शोधणारी गृहिणी, मोहोरावर तुडतुडे पडले म्हणून औषध शोधणारा शेतकरी, आणि या गर्दीत कुठेतरी पेटी घेणारा एखादा. कीवर्ड सुचवणाऱ्या साधनांत मात्र याच शब्दापुढे सगळ्यात मोठा आकडा दिसतो आणि नवशिके त्या आकड्यावरच भाळतात. इतक्या लोकांपैकी एक टक्का आले तरी पुष्कळ, हा त्यांचा हिशोब. तो एक टक्का येत नाही. आलाच तर तोरण कसं बांधायचं ते वाचायला येतो.

जो शब्द सगळीकडे सापडतो त्याला शोधाच्या दृष्टीने किंमत कमी, आणि जो मोजक्याच ठिकाणी आढळतो त्याला जास्त, हे गुगलच्या कितीतरी आधी केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ सालच्या एका निबंधात मांडलं होतं. ग्रंथालयातले कागद शोधण्यासाठी केलेला तो विचार पुढे शोधयंत्रांच्या पायात गेला. आज क्रम लावताना शेकडो गोष्टी पाहिल्या जातात, पण छोट्या धंद्यासाठी मी अजूनही त्या जुन्या विचारालाच धरून चालते. 'आंबा' या शब्दावर तुमची गाठ विश्वकोशांशी आणि मोठ्या बाजारपेठी साइटशी पडते. 'हापूस आंबा आतून पांढरा का निघतो' यावर फारसं कोणी उभंच नसतं.

हा प्रश्न मला कोणत्याही साधनाने दिला नाही. बागायतदारांची सून व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेते. तिच्याकडून मी एका हंगामाचे सगळे प्रश्न मागवून घेतले. पेटीत किती डझन बसतात? पार्सल आलं पण आंबे हिरवेच आहेत, कधी खायचे? हा देवगडचाच कशावरून? आणि पुन्हा पुन्हा येणारा: आंबा बाहेरून छान दिसतो, कापल्यावर आत पांढरा, कडक, आंबट, पैसे परत मिळतील का? साइटवर यातलं एक अक्षर नव्हतं. तिथे लिहिलेलं होतं, 'निर्यातक्षम दर्जाची, नैसर्गिकरीत्या परिपक्व, उत्कृष्ट फळे'. 'निर्यातक्षम' हा शब्द गुगलमध्ये टाइप करून कोणी घरी खायला आंबे घेत नाही.

आत पांढरं निघणं म्हणजे साका. कोकणात हे पोरालाही माहीत असतं, पुण्याच्या गिऱ्हाइकाला नसतं. तो लक्षणं टाइप करतो. म्हणून पानाचं शीर्षक गिऱ्हाइकाच्या शब्दांत ठेवलं आणि साका हा शब्द खाली पहिल्याच वाक्यात आणला. पुढे खरीखुरी माहिती दिली: साका फळ न कापता नजरेला कळत नाही, तापलेल्या जमिनीची धग हे त्याचं एक कारण मानलं जातं, चौदा आणे तयारीचं फळ उतरवलं तर त्याचं प्रमाण कमी राहतं, आणि पेटीत असं फळ निघालं तर आम्ही काय करतो. हे पान घालायला घरातले थोरले तयार नव्हते. "आपल्याच मालाचा दोष आपल्याच पाटीवर कशाला?" मी म्हटलं, दोष गुगलवर आधीच आहे, उत्तर तेवढं नाही. आज त्या साइटवर ऑर्डर देणाऱ्यांतले कितीतरी जण आधी हे पान वाचून आलेले असतात. कीवर्ड निवडणं म्हणजे माझ्या मते एवढंच: विकणाऱ्याची भाषा बाजूला ठेवून विचारणाऱ्याची भाषा उचलायची, आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर खरोखर आपल्याकडे आहे का ते तपासायचं. उत्तर नसेल तर तो कीवर्ड कितीही गोड असो, सोडून द्यायचा.

विचारणारा कुठल्या टप्प्यावर आहे हेही त्याच्या शब्दांतच असतं. आंद्रेई ब्रोडर यांनी २००२ साली अल्टाव्हिस्टा या तेव्हाच्या शोधयंत्रावरचे शोध तपासून त्यांचे तीन प्रकार केले: ठरावीक जागी पोहोचायचं असलेले, माहिती हवी असलेले आणि काही व्यवहार करायचा असलेले. 'देवगड आणि रत्नागिरी हापूस फरक' विचारणारा अजून कुंपणावर आहे. 'देवगड हापूस ५ डझन पेटी भाव पुणे घरपोच' लिहिणारा पाकीट हातात घेऊन बसला आहे. पहिल्याला किंमतपत्रिका दाखवली तर तो पळतो. दुसऱ्याला कोकणच्या लाल मातीवर निबंध वाचायला दिला तर तोही पळतो. दोघांना दोन वेगळी पानं लागतात. पण एकाच प्रश्नावर दोन पानं करू नयेत, ती एकमेकांच्या पायात पाय घालतात.

मराठीची अडचण आणखी वेगळी. इंग्रजीत एक प्रश्न साधारण एकाच रूपात येतो, मराठीत त्याची पांगापांग होते. कोणी 'हापूस' लिहितो, कोणी 'हापुस'. कोणी आंबा, कोणी आंबे, कोणी आंब्याचा भाव, कोणी नुसतं 'भाव आंबा आज'. निम्मे लोक मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहितात. त्यात 'आंबा'साठी कोणी सुरुवातीला एक ए घालतो, कोणी दोन, मधे कोणी एम घालतो तर कोणी एन. काही जण सरळ इंग्रजीत 'अल्फान्सो मँगो' असं विचारतात. साधन या प्रत्येक तुकड्याचा आकडा वेगळा दाखवतं किंवा काहीच दाखवत नाही. मग कुणीतरी निष्कर्ष काढतं की मराठीत शोध होतच नाहीत, साइट इंग्रजीत करा. गुगल स्वतः सांगत आलं आहे की रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध त्याने पूर्वी कधी पाहिलेलेच नसतात. मराठीच्या बाबतीत शून्य दिसलं की मी ते 'मोजता आलं नाही' असं वाचते.

२०१७ मध्ये गुगलवर मराठीत बोलून शोधायची सोय झाली तेव्हापासून यात एक मजेशीर फरक पडला. बोलणारा माणूस तारेची भाषा वापरत नाही, अख्खं वाक्य बोलतो, आणि शुद्धलेखन यंत्र करतं. ऱ्हस्व-दीर्घाची निम्मी भांडणं तिथेच मिटली. म्हणून माझा नियम असा: पानावर मराठी शुद्ध आणि पूर्ण वाक्यांत लिहायचं. सगळी चुकीची रूपं तळाला ओळीने टाकायची जुनी खोड आता उपयोगाची नाही आणि दिसतेही गबाळी. आपल्याकडे युनिकोड रुळण्याआधी याहून मोठं नुकसान होऊन गेलं आहे. प्रत्येक मराठी साइटचा स्वतःचा फॉन्ट होता, त्यामुळे शोधयंत्राला ती अक्षरं म्हणजे निव्वळ इंग्रजी कचरा वाटत होता. वर्षानुवर्षांचा मजकूर सापडण्याच्या पलीकडे गेला.

जुन्या युक्त्यांबद्दल दोनच वाक्यं. पानाच्या कोडमध्ये कीवर्डांची यादी लपवून ठेवायची जी जागा असते, ती आपण क्रमासाठी पाहत नाही असं गुगलने २००९ मध्येच जाहीर केलं, तरी आजही कोटेशनमध्ये तिचे पैसे लावलेले मला दिसतात. पांढऱ्यावर पांढरी अक्षरं, एका परिच्छेदात सात वेळा 'बेस्ट देवगड हापूस' हे सगळं २०११च्या पांडा आणि २०१२च्या पेंग्विन या बदलांनंतर उलटू लागलं.

त्यापेक्षा गुगल सर्च कन्सोल उघडा. फुकट आहे. आपली साइट कोणत्या शब्दांवर दिसली, किती जणांनी क्लिक केलं, सरासरी कितव्या जागी होतो, असा १६ महिन्यांचा हिशोब तिथे असतो. म्हणजे मागच्या हंगामाशी तुलना करता येते. फार विरळ शोध खाजगीपणापोटी त्यात दाखवत नाहीत, पण जे दिसतं तेही पुरेसं बोलकं असतं. जिथे आपण पुष्कळदा दिसतो आणि क्लिक मात्र होत नाही, तिथे शीर्षक चुकलेलं असतं. जिथे दहाव्या-बाराव्या जागी उगाचच दिसतो आहोत असा न ठरवलेला प्रश्न सापडतो, तिथे नवं पान लपलेलं असतं. अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे शोध मला असेच सापडले. भारतीय आंब्याला अमेरिकेची दारं २००७ साली उघडली, पण विकिरण प्रक्रियेच्या अटीवर. लासलगावच्या केंद्रातून ती फळं जाऊ लागली. घरगुती कुरिअरने पेटी न्यू जर्सीला जात नाही. तेव्हा 'आम्ही अमेरिकेत पाठवत नाही, कारण असं' हेच सांगणारं एक पान केलं. विक्री शून्य. पण रात्री-अपरात्री येणारे फोन कमी झाले, आणि त्याच पानावरून पुण्या-ठाण्याला आईवडिलांसाठी पेट्या जायला लागल्या.

पैसे देऊन जाहिरात करणाऱ्यांना कोणते शब्द नकोत हेही ठरवावं लागतं. शब्दांचा लिलाव ही कल्पना १९९८ मध्ये गोटू डॉट कॉमने रूढ केली, गुगलने २००० मध्ये अ‍ॅडवर्ड्स आणलं. क्लिक झाली की पैसे कापले जातात, घेणारा असो वा नसो. आंब्याच्या जाहिरातीत आमची नकाराची यादी कीवर्डांच्या यादीहून लांब आहे: कलम, रोपं, फवारणी, निबंध, चित्र, लोणचं, वॉलपेपर, नोकरी. दुसऱ्याच्या नावावर बोली लावायचा मोहही सगळ्यांना होतो. अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्सच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटलं की दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून वापरणं हे कायद्याच्या अर्थाने 'वापर'च आहे. मात्र गिऱ्हाइकाची दिशाभूल होत नसेल तर तेवढ्याने उल्लंघन ठरत नाही. कायद्याने चालेलही, पण शेजारच्या बागवाल्याचं नाव शोधणाऱ्याला गाठणं मला महागात पडणारी क्लिक वाटते, कारण तो बहुधा परत शेजाऱ्याकडेच जातो.

'देवगड हापूस कसा ओळखावा' हा शोध मात्र सगळ्यांच्या हक्काचा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासह रायगड, ठाणे, पालघरसाठी. तरी परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने पेट्यांत भरला जातोच. इथे बागायतदाराला जेवढं माहीत आहे तेवढं कोणत्याही मोठ्या साइटला नाही. सालीचा पोत, देठाजवळचा वास, हंगामाची सुरुवात केव्हा होते, जानेवारीतच ढीगभर 'देवगड' दिसला तर शंका का घ्यावी, हे त्याने स्वतः सांगायचं आणि स्वतःच्या झाडांचे फोटो लावायचे.

हे सगळं लिहायचं केव्हा? आत्ता. दिवाळीनंतर मोहोराची वाट बघताना. गुगलला पान सापडून त्याची जागा ठरायला आठवडे, कधी महिने लागतात; मार्चमध्ये भाव विचारणारे सुरू झाल्यावर लिहिलेलं पान पावसाळ्यात वर येतं. (परदेशी फराळ पाठवणाऱ्यांनी याच हिशोबाने जून-जुलैत जागं व्हावं.) आणि दर वर्षी नवं पान करू नये. 'हापूस भाव २०२४', 'हापूस भाव २०२५' अशी थडगी रचण्यापेक्षा एकाच पत्त्यावरचं पान दर हंगामात ताजं करावं, म्हणजे त्याला मिळालेल्या जुन्या दुव्यांचा जोर वाया जात नाही.

ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गुगल काही प्रश्नांना वरच्या वर स्वतःच उत्तर लिहून देऊ लागलं आहे. 'पेटी म्हणजे किती डझन' असल्या प्रश्नांना आता क्लिक मिळेल याची खात्री मी देत नाही. तशी पानं मी नव्याने लिहीत नाही, जुनी राहू देते. यंत्राला इकडून-तिकडून गोळा करता येत नाही असं काही असेल तरच नवं लिहायचं. यंदा त्या बागेसाठी सून आणि मी मिळून एकच पान करतो आहोत: पार्सल फोडल्यावर आंबे हिरवे निघाले तर रोज काय दिसतं, पहिल्या दिवसापासून खाण्याजोगे होईपर्यंत, एकाच पेटीचे एकाच जागी ठेवून काढलेले रोजचे फोटो. शीर्षक तिने सुचवलं, फोनवर ऐकलेलं जसंच्या तसं: 'आंबे आले पण हिरवे आहेत, आता काय करू?'