फ्लॉक्स, तू तर रब्बीचाच!

प्रिय फ्लॉक्स,

डिसेंबर लागला की पुण्यातल्या रोपवाटिकांमध्ये पिटुनिया आणि डायंथसच्या शेजारी तू ऐन फुलात उभा असतोस. लोक तुला तसाच फुलावर उचलतात, बाल्कनीतल्या कुंडीत ठेवतात आणि संध्याकाळी आठवण झाली की डोक्यावरून पाणी ओततात. थोड्याच दिवसांत तू वाळतोस. मग शेरा ठरलेला: 'फ्लॉक्स नाजूक, आपल्याकडे टिकत नाही.' हा तुझ्यावर अन्याय आहे आणि तो मला खुपतो.

तुझं गाव टेक्सास. तिथल्या वाळूसर, पाणी न धरणाऱ्या जमिनीत उन्हाचा ताव उतरला की तुझं बी रुजतं. थंडीभर रोप जमिनीलगत बसून मुळं धरतं, वसंतात रस्त्याच्या कडा रंगवतं आणि उन्हाळा तापला की बी टाकून मोकळं होतं. म्हणजे मुळात तू आपल्या हरभऱ्यासारखा रब्बीचाच! टॉमस ड्रमंड हा स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक 1833 मध्ये तिथे पोचला. पटकीने त्याला जवळजवळ नेलंच होतं, तरी तो हिंडत राहिला आणि तुझं बी त्याने ब्रिटनला धाडलं. 1835 मध्ये तो क्यूबात वारला. त्याच वर्षी विल्यम हूकरने तुला 'फ्लॉक्स ड्रमंडी' हे नाव दिलं. ब्रिटनच्या बागेत फुललेला तू ड्रमंडला कधी दिसला नाहीस.

तिकडची थंडी कडक, म्हणून तिकडे तुला वसंतात पेरू लागले. ते त्यांच्या हवेला धरूनच होतं. पण तेच वेळापत्रक बियांच्या पाकिटावर जसंच्या तसं छापलेलं दिसतं आणि आपल्याकडे कुणीतरी भर मार्चमध्ये तुला पेरतं. एप्रिलच्या उन्हात तू काय तग धरणार? तुझी पेरणी व्हायला हवी ती परतीचा पाऊस सरताना, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात.

माती भुसभुशीत हवी. आमची काळी माती पाणी धरून बसते, तिथे तुझी मुळं कुजतात. पोयट्यात जाड वाळू आणि चाळलेलं, चांगलं मुरलेलं शेणखत मिसळलं की तुला घरच्यासारखं वाटतं. बी अंधारात रुजतं, म्हणून त्यावर मातीचा पातळ थर हवाच. मुळं दुखावलेली तुला खपत नाहीत. तेव्हा जागेवरच पेरावं आणि दोन रोपांत वीतभर अंतर राहील अशी विरळणी करावी. रोप चार बोटं वाढलं की शेंडा खुडायचा. इथे हात कचरतो, पण त्यानेच बगलेतून फांद्या फुटतात. पाणी सकाळी आणि बुडाशी. पानं ओली राहिली आणि हवा खेळती नसली की भुरी आलीच. युरिया मात्र नको, नुसता पाला माजतो.

तुझ्या रंगांमागची गोष्ट मला फार आवडते. टेक्सासात जिथे तू एकटा वाढतोस तिथे फिकट निळा असतोस. जिथे तुझी भावकी, फ्लॉक्स कस्पिडाटा, शेजारी उगवते तिथे गडद लाल. तिची फुलंही फिकट निळीच. फुलपाखरं एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना सहसा रंग बदलत नाहीत, त्यामुळे लाल झालास की भावकीचा पराग तुझ्यावर कमी पडतो आणि जवळजवळ वांझ निघणारा संकर टळतो. रॉबिन हॉपकिन्स आणि मार्क राउशर यांनी 2011–12 मध्ये यामागची जनुकं आणि फुलपाखरांची ही सवय दाखवून दिली. कुंडीतल्या लाल फुलाकडे त्यानंतर मी अधिक आदराने बघतो.

फुलं सुकली की खुडत गेलं तर मार्चपर्यंत बहर चालतो. शेवटचे काही तुरे तेवढे राखावेत. त्यांची बोंडं गवती पिवळी झाली की सावध व्हायचं, कारण उन्हात ती तडकतात आणि आतलं बी लांब उडतं. एका बोंडात जेमतेम तीन बिया! म्हणून पिवळी पडताच बोंडं काढून कागदी पिशवीत भरावीत, पिशवीचं तोंड दुमडून सावलीत ठेवावी. आत तडतड ऐकू येते. ती थांबली की बी पाखडून कोरड्या डब्यात घालावं आणि डब्यावर पेरणीचा महिना ठळक लिहावा: ऑक्टोबर.

तुझा,
एक बागवेडा