दारावरील शेरा

गेल्या वर्षीं आम्ही कन्येकडे इंग्लंडांत तीन महिने राहून आलों. पोहोंचल्यावर चौथ्याच दिवशीं ती म्हणाली, "बाबा, मला आज सर्जरींत जायचं आहे, तुम्ही येतां का बरोबर?" आमच्या काळजांत धस्स झालें! त्या देशीं डॉक्टरांच्या साध्या दवाखान्यासही 'सर्जरी' म्हणतात, हें कळल्यावर हंसूं आलें. परंतु तेथें जें पाहिलें, तें हंसण्यावारी नेण्यासारखें नव्हतें.

दवाखान्याच्या दारावरच एक छापील पत्रक लावलेलें होतें. तपासणींत या दवाखान्यास कोणता दर्जा मिळाला, तें त्यावर ठळक अक्षरांत होतें. आणि तो दर्जा होता 'सुधारणा आवश्यक'! आम्हीं चष्मा पुसून तें पुन्हां वाचलें. आपली उणीव आपल्याच दारावर टांगणारा वैद्य आम्हीं जन्मांत पाहिला नव्हता.

कन्येनें खुलासा केला. इंग्लंडांत २००९ सालीं 'केअर क्वालिटी कमिशन' नांवाचें मंडळ स्थापन झालें. २०१३ पासून असले लहान दवाखानेही त्याच्या कक्षेंत आले. मंडळ पांच प्रश्न विचारतें: उपचार सुरक्षित आहेत काय, गुणकारी आहेत काय, वागणूक आपुलकीची आहे काय, रुग्णांच्या गरजांची दखल घेतली जाते काय, आणि कारभार नीट चालतो काय. लसींच्या फ्रीजचें उष्णतामान २ ते ८ अंशांत राहतें कीं नाहीं व त्याची रोज नोंद होते कीं नाहीं, येथपर्यंत बारकाईनें पाहतात. त्यावरून 'उत्कृष्ट', 'चांगला', 'सुधारणा आवश्यक' व 'अपुरा' असे चार दर्जे ठरतात. आणि १ एप्रिल २०१५ पासून मिळालेला दर्जा रुग्णांस दिसेल असा लावणें कायद्यानेंच बंधनकारक आहे. म्हणजे ती वैद्याची विनम्रता नव्हे, कायद्याची सक्ति!

आमच्या कन्येस संधिवात आहे. त्यावर ती आठवड्यांतून एकदां मेथोट्रेक्झेट घेते. औषध चांगलें, पण यकृतास व रक्तपेशींस तें बाधूं शकतें. म्हणून ठराविक मुदतीनें रक्त तपासावें लागतें. अशा रुग्णांची रक्ततपासणी वेळेवर होते कीं नाहीं, याकडे दवाखान्याचें लक्ष नाहीं, हाच तपासनिसांचा मुख्य आक्षेप होता. त्यानंतर जुन्या नोंदी चाळल्या गेल्या आणि हिला बोलावणें आलें. तिची तपासणी सात महिने राहून गेली होती! रक्त पाहिलें, तों पांढऱ्या पेशी बऱ्याच उतरलेल्या. औषध कांहीं आठवडे बंद ठेवावें लागलें. पुढें पेशी पूर्ववत् झाल्या. तपासनीस आलेच नसते तर, हा विचार आम्ही अद्याप पुरा करीत नाहीं.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं, ती केवळ कन्येच्या काळजीनें नव्हे. १९८८ सालीं आमच्या शाळेची तपासणी होती. भिंतींस चुना लागला, नकाशे टांगले गेले, आणि वर्गांतल्या तीन कच्च्या मुलांस आम्हीं आदल्या दिवशीं सांगितलें, "उद्यां घरींच रहा." साहेब प्रसन्न झाले. शेरेबुकांत 'वर्गाची तयारी समाधानकारक' असा शेरा पडला. संध्याकाळीं त्यांतल्या एकाची आई दारांत येऊन उभी राहिली. "गुरुजी, माझ्या पोरानं काय गुन्हा केला?" एवढेंच तिनें विचारलें. आम्हीं कांहींतरी बोलून तिची बोळवण केली. साहेबांच्या दृष्टीस ते तिघे पडते, तर आमचा शेरा बिघडला असता. परंतु कोणाचें तरी लक्ष त्यांच्याकडे गेलें असतें. त्या तिघांपैकीं एकही पुढें दहावी झाला नाहीं. आमची कन्याही त्या दवाखान्याच्या दप्तरांत अशीच 'घरीं राहिलेली' होती. तिला मात्र तपासनिसांनीं शोधून काढलें.

आपल्या महाराष्ट्रांत शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ सालचा आहे; परंतु तो रुग्णांस ठेवून घेणाऱ्या संस्थांपुरता. कोपऱ्यावरचा, खाटा नसलेला दवाखाना त्याच्या कक्षेंत येत नाहीं. तेव्हां वाचकहो, निदान आपली वही आपण ठेवावी. आम्हीं परत आल्यावर तशी घातली आहे: कोणतें औषध, केव्हांपासून, मागची तपासणी कधीं, पुढची कधीं. प्रथम ती वाचून दाखविली, तेव्हां आमचे डॉक्टर जरा चमकले. मग त्यांनींही आपल्या कागदावर तारीख टिपून घेतली.

त्या माउलीस द्यावयाचें उत्तर मात्र अजून आमच्यापाशीं नाहीं.