लाल गोळी आणि कोरा चहा

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की साताऱ्याकडच्या त्या ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळेबाहेरचं बाकडं सकाळपासून भरलेलं असतं. यंदा तिथं बीडकडून आलेल्या टोळीतली एक पोरसवदा गरोदर बाई बसली होती. हिमोग्लोबिन साडेसात. सिस्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्यांची पट्टी हातात दिली. तिनं त्यातली एक लाल गोळी लगेच काढली आणि नवऱ्यानं टपरीवरून आणलेल्या चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकली. आत बसलेल्या लॅब टेक्निशियन बाई उठून बाहेर येईपर्यंत गोळी पोटात गेलेली. "पान्यानं मळमळतं, मॅडम. च्यानं बरं जातं," ती म्हणाली.

बाईंना मोठी काकू आठवली.

कोरेगाव तालुक्यातलं खटल्याचं घर. दुपारी सगळ्यांची पानं उठली की काकू चुलीपुढं बसायची. सकाळच्या चहाचा चोथा तिनं जपून ठेवलेला असे. तोच पातेल्यात टाकून वर ग्लासभर पाणी, गुळाचा खडा, आणि मग पाणी निम्मं होईतो उकळायचं. दूध नाही. दूध डेअरीला जायचं, उरलंसुरलं पोरांना. तो काळाकुट्ट, जीभ आखडून टाकणारा चहा आणि त्यात बुडवलेली सकाळची भाकरी, हे काकूचं जेवण. भाजी उरली तर उरली. तिच्या पापणीची आतली कड कायम पांढुरकी असायची. आणि भांडी घासताना ती पोरांच्या दप्तरातली पाटीवरची पेन्सिल तोंडात टाकून कुरकुर चावत राहायची. घरातले हसायचे. बाईंच्या कानात आजही तो आवाज आहे, कारण पुढे शिकताना त्यांना त्याचा अर्थ कळला: शरीरातलं लोह आटलं की माणसाला माती, कच्चे तांदूळ, पेन्सिल असलं काहीबाही खावंसं वाटतं.

चहातली टॅनिनसारखी तुरट द्रव्यं अन्नातल्या लोहाला पकडून ठेवतात. मग ते आतड्यातून रक्तात शोषलं जात नाही, सरळ बाहेर पडतं. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी 1975 साली 'गट' या वैद्यकीय नियतकालिकात हे माणसांवरच्या प्रयोगांतून मांडलं. पाव असो वा भात, चहा सोबत असला की लोहाचं शोषण घटत होतं. शिजवलेल्या हिमोग्लोबिनमधल्या, म्हणजे मांसातून मिळणाऱ्या जातीच्या लोहावर मात्र तो परिणाम दिसला नाही. ज्यांचं जेवण मुख्यतः वनस्पतिजन्य आहे त्यांना जेवताना घेतलेला चहा लोहाच्या कमतरतेकडे नेऊ शकतो, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितलं आहे की जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी नको. मधली जवळजवळ पन्नास वर्षं हे ज्ञान चुलीपर्यंत का पोचलं नाही, याचा बाईंना मनापासून राग आहे.

म्हणून त्या आता सांगत बसत नाहीत, दाखवतात. काचेच्या ग्लासात गाळलेला कोरा चहा घ्यायचा. लाल गोळीचं आवरण खरवडून आतली पूड त्यात टाकायची आणि ढवळायचं. तांबूस चहा बघता बघता करडा होतो, मग निळसर काळा. रांगेतल्या बाया वाकून बघतात. एका म्हाताऱ्या आजींनी तो ग्लास उजेडात धरला आणि म्हणाल्या, "ही तर शाई झाली." आजींचं म्हणणं शब्दशः खरं आहे. पोथ्या आणि दप्तरं लिहायला आपल्याकडे हिरडा उकळून त्यात हिराकस घालून शाई करत. हिरड्यात टॅनिन, हिराकसात लोह. गोळीतलं फेरस सल्फेट म्हणजे रसायन म्हणून हिराकसच.

चहाचे गुणही खरे आहेत आणि बाई ते नाकारत नाहीत. ब्रिटनमधल्या सुमारे पाच लाख लोकांच्या नोंदींवरून 2022 साली निघालेला निष्कर्ष असा की दिवसाला दोन किंवा जास्त कप काळा चहा पिणाऱ्यांत मृत्यूचा धोका न पिणाऱ्यांपेक्षा 9 ते 13 टक्क्यांनी कमी आढळला. दूध घालणाऱ्यांतही तसंच दिसलं. त्याआधी 2007 साली बर्लिनमध्ये 16 स्त्रियांवर झालेल्या छोट्या प्रयोगात मात्र दुधामुळे चहाचा रक्तवाहिन्यांवरचा चांगला परिणाम पुसला गेला होता. तापमानाचा मुद्दा वेगळाच: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2016 साली 65 अंशांहून गरम पेयांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचं संभाव्य कारण ठरवलं. बशीत ओतून निववून पिणारी आपली जुनी माणसं त्या बाबतीत बरी होती.

पण रविवारच्या पुरवणीत 'चहा प्या, दीर्घायुषी व्हा' असं छापून येतं तेव्हा बाईंचं डोकं उठतं. ब्रिटनमधला तो चहा बहुतेक भरल्या पोटाचा. आपल्याकडे पहाटे तीनला कोपीतून उठून फडात जाणारी बाई चहा पिते ती भूक मारायला. धुणंभांडी करणारीला न्याहारी विचारत नाहीत, चहा विचारतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. हे सगळं चहामुळे, असं कुणी म्हणणार नाही. अपुरं अन्न, लागोपाठची बाळंतपणं, जंत, पाळीचा जादा स्राव, कारणं पुष्कळ. चहा त्यात भर घालतो.

बाईंच्या वाचनात मध्येच गांधीजी येतात. 1942 साली पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि त्यात चहातल्या टॅनिनवर ठपका ठेवला. कातडी कमावायला वापरतात तेच हे द्रव्य, पोटाला ते काय भलं करणार, असा त्यांचा रोख होता. त्याऐवजी गरम पाण्यात मध आणि लिंबू घ्यावं असं ते सुचवतात. कारण त्यांचं वेगळं होतं; पण लिंबातलं क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणाला मदत करतं, म्हणून तोच सल्ला आज वेगळ्या वाटेनं योग्य ठरतो. बाईही तेच सांगतात: गोळी रात्री जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर. म्हणजे मळमळही कमी.

चहा सोडा, असं मात्र त्या कुणाला म्हणत नाहीत. काकूच्या हातात तो ग्लास असेपर्यंत घरात कुणी तिला उठवत नसे. सासूसुद्धा नाही. दिवसभरात ती बसलेली दिसायची ती तेवढीच. त्या तुरट पाण्यानं तिचं रक्त आटवलं आणि त्यानंच तिला टेकायला जागा दिली, या दोन्ही गोष्टी बाईंना सारख्याच खऱ्या वाटतात. चहा तासभर पुढं ढकल म्हणणं सोपं आहे. तासाभरानं तिला कोण बसू देणार होतं?

हल्ली त्यांचं वाचन सरकत सरकत चहाच्या मळ्यांपर्यंत पोचलं आहे. आपल्या कपात पडणारी पत्ती बहुतेक बायकांनीच खुडलेली असते. आसामातल्या मळ्यांत कोऱ्या चहात मीठ घालून पिण्याची जुनी रीत. दिब्रुगडच्या सरकारी संशोधन केंद्रातल्या अभ्यासकांना मळेकामगारांत उच्च रक्तदाब फार मोठ्या प्रमाणावर आढळला, आणि त्या जादा मिठाकडे त्यांनी बोट दाखवलं. आणि ज्या पाहणीत महाराष्ट्रातल्या रक्तक्षयी स्त्रियांचा आकडा 54, तिथं आसामचा 66 टक्क्यांच्या घरात.

उत्तर बंगालमधल्या एका मळ्यात दोनशेहून अधिक पत्ती खुडणाऱ्या स्त्रियांवर मिठाचा प्रयोग झाला. काहींच्या घरी आयोडिनबरोबर लोहही घातलेलं मीठ दिलं, काहींच्या घरी साधं आयोडिनयुक्त. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत लोहाचं मीठ खाणाऱ्या बायकांचं हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा सुधारलेला दिसला. त्या मिठातले लोहाचे कण वेष्टनात बंद केलेले होते. हे वाचल्यापासून बाईंच्या डोक्यात एकच विचार आहे: असलं मीठ भाजीऐवजी उकळत्या कोऱ्या चहात पडलं, तर ते वेष्टन टिकेल का? ग्लास, चहा आणि गोळ्या हाताशी आहेतच. तसलं मीठ कुठं मिळतं, याची चौकशी त्यांनी जिल्ह्याच्या औषध भांडारात सुरू केली आहे.