सदाशिव पेठेंतून हिंजवडीस

पुण्याच्या सदाशिव पेठेंत पाऊल टाकिलें कीं आमच्या आजोबांच्या गोष्टी आम्हांस हटकून आठवतात. कोंकणांतून एक पडशी घेऊन ते येथें शिकावयास आले. सात वार सात घरीं जेवावें आणि कोणाच्या तरी ओसरीवर निजावें, असा त्यांचा क्रम होता. १९०९ सालीं याच शहरांत निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहानें माधुकरीच्या बळावर कित्येक मुलें मार्गास लाविलीं. दारिद्र्य होतें खरें, पण उपाशी मूल कोणाच्या तरी दृष्टीस पडत असे.

गेल्या मार्गशीर्षांत पुतण्याचें नवें बिऱ्हाड पाहावयास आम्ही हिंजवडीस गेलों, तेव्हां हेंच मनांत घोळत होतें. वाकडचा पूल ओलांडतां ओलांडतां बसनें आमच्या सहनशीलतेची पुरी परीक्षा पाहिली. एके काळीं माण-मारुंजीची शेतें जेथें होतीं, तेथें आतां कांचेच्या इमारती उभ्या आहेत. मधल्या एखाद्या मोकळ्या तुकड्यांत म्हशी मात्र पूर्वीच्याच शांतपणें रवंथ करीत बसलेल्या दिसल्या. संध्याकाळीं गळ्यांत ओळखपत्रें अडकविलेल्या तरुण-तरुणींचे लोंढे रस्त्यावर आले. टपरीवर चहा घेणारा त्यांतला प्रत्येक जण आम्हांस मोठा सुखवस्तु वाटला.

पुतण्याच्या खोलीवर पोहोंचलों आणि तो समज हळूहळू विरला. तिघा मित्रांनीं मिळून चोवीस हजार भाड्याची जागा घेतली होती. तीन महिन्यांचें भाडें अनामत आणि एका महिन्याचें दलालास! म्हणजे पहिला पगार हातीं पडण्यापूर्वींच प्रत्येकास बत्तीस हजार रुपये उभे करावे लागले. करार अकरा महिन्यांचा. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या कायद्यानें सक्तीची झाली, आणि तींतून सुटण्यासाठीं ही अकरा महिन्यांची रीत रूढ झाली. पुढें १९७३ सालीं भाडे-कायद्यांत दुरुस्ती होऊन त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस परवान्यानें राहात असलेल्यांस भाडेकरूंचे हक्क मिळाले. मालकवर्ग तेव्हांपासून धास्तावला तो धास्तावलाच. आतां १९९९ च्या कायद्याप्रमाणें महाराष्ट्रांत अकरा महिन्यांचा करारही लेखी व नोंदविलेला असावा लागतो, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. अकरा महिन्यांची रीत मात्र सुटली नाहीं. दर वर्षीं भाडेवाढ किंवा नवी जागा, दोहोंपैकीं एक ठरलेलेंच!

रात्रीं पुतण्या अंघोळीस गेला असतां मेजावर उघडी पडलेली वही आमच्या नजरेस आली. हाती येणारा पगार २८,००० रुपये. भाडें ८,०००, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता ९,५००, घरीं ५,०००, बसभाडें, वीज व किरकोळ २,०००, अनामतीसाठीं मित्राकडून घेतलेल्या उसनवारीची फेड २,०००. जेवणाच्या डब्यासमोर आधीं ३,००० चा आंकडा होता. तो खोडून १,५०० लिहिला होता. म्हणजे एका वेळचा डबा बंद!

तो बाहेर येतांच आम्ही विचारिलें, “रात्रीं काय जेवतोस?”

तो ओशाळला. “काका, दादांना सांगूं नका. माडीचें छप्पर यंदा व्हायलाच हवें, असें ते म्हणाले आहेत.”

ते पांच हजार आमच्या वडील बंधूंनीं मागितले होते आणि आम्हीही त्यास मान डोलाविली होती. सदाशिव पेठेंत परक्यांनीं आमच्या आजोबांस जेवूं घातलें. येथें आमच्याच घराच्या छपरापायीं त्यांचा पणतू उपाशी निजत होता! त्या रात्रीं आमच्या डोळ्यास डोळा लागला नाहीं.

घरीं परतल्यावर पुतण्याचा शब्द मोडून आम्ही सर्व हकीकत दादांस सांगितली. ते बराच वेळ झोपाळ्यावर बसून होते. मग म्हणाले, “अनामत आपण द्यायला हवी होती. छप्पर पुढच्या वर्षीं पाहूं.” उसनवारी फेडण्यास लागणारी रक्कम त्यांनीं दुसऱ्याच दिवशीं पाठविली, व कर्ज फिटेपर्यंत घरीं कांहीं धाडूं नये असें मुलास कळविलें.

आमच्या वाचकांच्या घरींही असा एखादा मुलगा वा मुलगी नुकतीच परगांवीं नोकरीस लागली असेल. पहिल्या पगाराचे पेढे वांटून झाले कीं वडील मंडळींनीं एकदां त्यांच्या बिऱ्हाडीं मुक्कामास जावें, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत थांबावें.