टाकीतले पाणी आणि आईची तहान

रात्रीचे दोन वाजले असावेत. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, लेक टेकापोच्या काठच्या तळावर आमचे मोटारहोम उभे होते. आत आम्ही चौघे निजलो होतो. कोणीही नळ उघडलेला नसताना बाकाखालचा पंप घुर्र करून तीन-चार सेकंद वाजला आणि थांबला. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. अंधारात आई उठून बसलेली मला दिसली. चाचपडत ती ओट्यापाशी गेली, नळ घट्ट आवळला, न्हाणीतलाही नळ पाहिला आणि परत येऊन आडवी झाली. सकाळी विचारले तेव्हा म्हणाली, "अगं, मला वाटलं माझ्याच हातून नळ राहिला. तुमचं पाणी उगाच वाया जायला नको."

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची मुले आज न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा देशांत आहेत. त्यांच्याकडे गेल्यावर अशा चाकांवरच्या घरातून हिंडण्याचा योग आपल्यालाही येईल. म्हणून गेल्या जानेवारीतील आमची ही फजिती आपणांस सांगावी असे वाटले. तिचा आरंभ नळदुरुस्तीपासून होतो, पण ती तेथे संपत नाही.

हे मोटारहोम आम्ही जुने विकत घेतले होते. सारा हिवाळा ते क्राइस्टचर्चमधील आमच्या अंगणात उभे होते. वाईहून आई आली, नातीला उन्हाळ्याची सुट्टी लागली, तेव्हा आम्ही घाईघाईने ते धुतलेपुसले, टाकी भरली आणि निघालो. बाहेरचा पत्रा चकचकीत झाला, गाद्यांना ऊन दाखवले. पाण्याच्या टाकीचे झाकण उघडून आत पाहण्याचे मात्र कोणालाही सुचले नाही.

या घरातील पाण्याची व्यवस्था तशी सोपी आहे. बाकाखाली प्लॅस्टिकची टाकी, आमची नव्वद लिटरची. तिच्यातून पाणी एका बारीक जाळीतून बारा व्होल्टच्या पंपाकडे येते. पंपापुढे दोन वाटा फुटतात: एक थंड नळांकडे, दुसरी लहानशा गिझरमधून गरम नळांकडे. नळ उघडला की नळ्यांतील दाब उतरतो आणि पंप आपोआप सुरू होतो; नळ मिटला की दाब चढतो आणि तो थांबतो. मोरीचे पाणी वेगळ्या टाकीत साठते, तर शौचालयाची पेटी निराळी असते. या देशात ठरलेल्या तळांबाहेर मोकळ्यावर मुक्काम करायचा तर बहुतेक ठिकाणी वाहनाला स्वयंपूर्णतेचे प्रमाणपत्र लागते. त्यात पिण्या-वापरण्याच्या पाण्याचा किमान हिशेब माणशी दिवसाला ४ लिटर आणि तीन दिवसांचा साठा असा धरलेला आहे.

हा हिशेब आमच्या नऊ वर्षांच्या कन्येने आजीला पहिल्याच दिवशी मोठ्या अभिमानाने समजावून सांगितला. आजीने तो मनापासून मानला. जिने उन्हाळ्यात आटलेल्या विहिरीवरून कळशी-कळशीने पाणी भरले आहे, तिला पाणी जपायला शिकवावे लागत नाही. तिला थांबवावे लागते, हे मला उशिरा कळले.

टेकापोच्या दुसऱ्या मुक्कामी, म्हणजे प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी, न्याहारीनंतर आई उठली आणि ओट्याला धरून खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. वय अठ्ठ्याहत्तर, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. माझ्या मनात काय काय येऊन गेले ते लिहीत नाही. जवळच्या गावातील दवाखान्यात तिला नेले. डॉक्टरीणबाईंनी निजवून रक्तदाब मोजला, मग उभे करून पुन्हा मोजला. उभे राहताच तो बराच उतरत होता. जीभ कोरडी होती. लघवीचा रंग कसा आहे, दिवसातून कितीदा होते, हे त्यांनी विचारले आणि मला दुभाषी म्हणून मध्ये बसावे लागले. आईच्या गोळ्यांपैकी एक लघवी वाढवणारी होती. गोळीने पाणी बाहेर जात होते आणि आत जवळजवळ काहीच येत नव्हते. क्षार-साखरेचे पाणी थोडे थोडे देणे, ती एक गोळी दोन दिवस थांबवणे आणि रक्ताची तपासणी, एवढ्यावर निभावले. (अशी गोळी आपल्या मनाने थांबवू नये; आमची डॉक्टरांनी थांबवली होती.)

परतताना गाडीत मी आईला विचारले, "खरं सांग, पाणी किती पितेस?" पुष्कळ आढेवेढे झाले. सकाळच्या चहाखेरीज ती दिवसभरात एखादा पेलाच पाणी पीत होती. कारणे एकामागून एक निघाली. पाणी मोजके आहे. रात्री नळ उघडला की पंप गरजतो आणि जावई जागे होतात. शौचालय एवढेसे, पेटी जावयांनाच रिकामी करावी लागते, त्याचा तिला संकोच. आणि सर्वांत शेवटी, अगदी हळू आवाजात, "त्या पाण्याला वास येतो गं."

तो वास मलाही आला होता. आम्ही चहा करत होतो, सरबत करत होतो आणि दुर्लक्ष करत होतो. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, हे आपण या पाक्षिकात अनेकदा वाचले असेल. मीही वाचले होते. ज्या माणसाला तहान आधीच कमी लागते, त्याच्यापुढे बेचव पाण्याचा पेला ठेवला तर तो भरलेलाच राहणार.

त्या दुपारी आम्ही कोठेही गेलो नाही. यजमानांनी बाकाच्या फळ्या काढल्या आणि आम्ही पाण्याच्या मागावर निघालो.

प्रथम रात्रीचा पंप. नळ मिटलेले असताना तो मधूनमधून वाजतो याचा अर्थ दाब कोठून तरी उतरतो आहे. एक तर पंपापुढे कोठेतरी गळती असते, नाही तर पंपातील एकाच दिशेने पाणी सोडणारी झडप झिजून पाणी मागे टाकीत परतते. गळती शोधायला आम्ही प्रत्येक सांध्याखाली कागदी रुमाल घडी करून ठेवले, कारण थेंब डोळ्यांना दिसत नाही, पण कागदावर त्याचा डाग उमटतो. तासाभराने सारे कागद कोरडे होते. झडप गेली असे ठरवून आम्ही हताश होऊन चहा पीत बसलो होतो, तेवढ्यात कन्या बाहेरून ओरडली की गाडीच्या अंगाला पाण्याचा ओघळ आहे. बाहेर पाय धुण्यासाठी एका झाकणाआड फवारा असतो. त्याचा नळ अर्धवट मिटलेला होता आणि थेंब झाकणाच्या आतल्या आत जिरत होते. दोन रात्री आईने जो उघडा नळ शोधला, तो घराच्या बाहेर होता.

नळ थुंकत होता, म्हणजे पाण्याबरोबर हवा येत होती. त्याचे कारण पंपाआधीच्या जाळीत सापडले. तिच्या पेल्याचे वॉशर कडक झाले होते आणि पंप तेथून हवा ओढत होता. जाळीत प्लॅस्टिकचा चुरा आणि शेवाळासारखा गुळगुळीत गाळ होता. वॉशर बदलायला दहा मिनिटे लागली. तो गाळ मात्र माझ्या डोळ्यांपुढून बराच वेळ हलेना.

वासाचा उलगडा थोडा वेगळा. दोन पेले घेतले, एकात थंड नळाचे पाणी, दुसऱ्यात गरम नळाचे. आपणही असेच करावे. गरम पाण्याला कुजक्या अंड्याचा वास होता, थंड पाण्याला केवळ प्लॅस्टिकचा आणि शिळेपणाचा. वास फक्त गरम पाण्याला असेल तर दोष गिझरमध्ये असतो. काही गिझरांच्या टाकीत गंज टाळण्यासाठी मॅग्नेशियमचा दांडा बसवलेला असतो. पाणी महिनोन्‌महिने साचून राहिले की गंधकावर जगणारे जिवाणू त्याच्या संगतीने तो वायू तयार करतात. थंड पाण्याच्या वासाचा उगम टाकी आणि भरायची नळी. आम्ही बागेला पाणी घालण्याची हिरवी नळी वापरली होती. पिण्याच्या पाण्यासाठी वेगळी, अन्नयोग्य प्लॅस्टिकची नळी मिळते, तीच घ्यावी आणि दोन्ही टोके झाकून ठेवावी. आणखी एक गोष्ट: सांडपाणी ओतण्याच्या जागी जो नळ असतो, तो बहुधा पेटी विसळण्यासाठी असतो. त्यावरची पाटी वाचल्याविना टाकी भरू नये.

हे सारे चालले असता आई खिडकीशी बसून क्षाराचे पाणी घोट घोट पीत होती. तिने एकच प्रश्न विचारला, "ही टाकी धुतली कधी होती?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पूर्वीच्या मालकाला आम्ही इंजिनाविषयी वीस प्रश्न विचारले होते.

मग तिने विहिरीची गोष्ट काढली. पावसाळा लागला की ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएलची पावडर बादलीत कालवून विहिरीत सोडायचा. दोन दिवस पाण्याला वास यायचा आणि बायका कुरकुर करायच्या. "पण त्या वासाची भीती नव्हती," ती म्हणाली. "तो औषधाचा वास. हा कसला, ते कळत नव्हतं." इतका नेमका फरक मला तोवर कोणी समजावून दिला नव्हता. निळेशार तळे आणि बर्फाची शिखरे पाहून येथले पाणी जात्याच निर्मळ असणार असे आपण धरून चालतो. पण याच देशात, उत्तर बेटावरील हॅवलॉक नॉर्थ या गावी, ऑगस्ट २०१६ मध्ये मुसळधार पावसात मेंढ्यांची विष्ठा गावाच्या विहिरींपर्यंत पोहोचली आणि पाच हजारांहून अधिक माणसे आजारी पडली. त्या पाण्यात क्लोरीन घातले जात नव्हते. आमच्या टाकीतले पाणी दूषितच होते असे मी म्हणत नाही. ते तपासलेले नव्हते. पण ते पिण्याजोगे आहे असेही कोणाला सांगता आले नसते.

टीसीएलची भावंड असलेली वस्तू तेथील दुकानात मिळते: कपड्यांचे साधे ब्लीच, सुगंध नसलेले, सुमारे ५ टक्क्यांचे. प्रमाण टाकीच्या दर लिटरला १ मिलिलिटर, म्हणजे आमच्या टाकीला नव्वद. आधी गिझर बंद करून तो पूर्ण निवू द्यावा आणि दाब सोडून मगच रिकामा करावा; गरम असताना उघडल्यास माणूस भाजतो. गाळणीची नळकांडी काढून ठेवावी. ब्लीच आधी बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओतावे, मग टाकी काठोकाठ भरावी आणि गरम, थंड, न्हाणीचा, बाहेरचा असा एकेक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडावा. आम्ही बाहेरचा फवारा या वेळी विसरलो नाही. चार तास, जमल्यास रात्रभर तसेच राहू द्यावे. त्या काळात त्या पाण्याचा एक थेंबही वापरायचा नाही. मग सारे पाणी सांडपाण्याच्या जागीच सोडावे, तळ्याकाठी किंवा गवतावर नव्हे, आणि वास जाईपर्यंत टाकी पुन्हा पुन्हा भरून रिकामी करावी. आम्हाला तीनदा करावी लागली. क्षार काढण्यासाठी व्हिनेगर वापरतात, पण ते ब्लीचबरोबर कधीही मिसळू नये; त्यातून विषारी वायू निघतो.

खोलीभर पसरलेल्या त्या वासात आई निवांत होती.

पुढचे पाच दिवस आम्ही पश्चिम किनाऱ्याकडे, होकिटिकाला उतरलो. आईसाठी एक लिटरची स्वतंत्र बाटली घेतली आणि ती जेवणापूर्वी एकदा व संध्याकाळी एकदा संपायची, असे नातीने ठरवले. पेटी रिकामी करण्याचे काम यजमानांनी तिच्यासमोर शीळ घालत केले. त्याचा उपयोग माझ्या व्याख्यानापेक्षा अधिक झाला. रात्रीसाठी पाणी उशाशी भरून ठेवले, म्हणजे पंप वाजायला नको. रक्ताचा अहवाल ठीक आला.

एक सवय मात्र तिने सोडली नाही. रोज सकाळी बाटलीत उरलेले पाणी ती दाराबाहेरच्या गवतावर ओतते आणि ताजे भरून घेते. पहिल्या दिवशी नात "आजी, चार लिटर!" म्हणून धावली. "शिळं आहे ते," एवढेच उत्तर मिळाले. नंतर पाणी संपत आले की आम्हीच पुढच्या गावी टाकी भरून घेऊ लागलो.